मुक्या स्पीकरचा डबा

फोडणीतली मोहरी तडतडताना मला दिसते, ऐकू येत नाही. आज हे सरळ लिहून टाकतोय, पण ज्या दिवसांची ही गोष्ट आहे तेव्हा हे वाक्य मी स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. कारण धंदा कानाचा. उमरखेडच्या बसस्टँडमागच्या रस्त्यावर आमचं एक लांबट दुकान आहे. पुढच्या अर्ध्या भागात उस्ताद गाड्यांचं वायरिंग करतात आणि मागच्या अर्ध्या भागात मी गाड्यांच्या वूफरचे, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरचे, बॉक्स बनवतो. उस्ताद माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, धंद्यात वीस वर्षांनी. त्यांच्या घरात तीन पिढ्या मेकॅनिक, माझ्या घरात तीन पिढ्या कारकून. मी बी.कॉम. होऊन हातात करवत धरली तेव्हा वडील म्हणाले होते, "आपल्या घराण्यात हा सुतार कुठून निपजला?"

वडिलांपुढे मी एकाच जोरावर मान वर करून उभा होतो. लोक म्हणायचे, "याचा कान लय तेज हाय." गाडी नुसती दारात येऊन थांबली तरी कोणत्या दाराच्या पत्र्यामागचा स्क्रू ढिला आहे ते मी सांगायचो. गावात हे दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं आणि मला त्याचा माज होता. त्या माजातच पाच-सहा लग्नसराया डीजेच्या भोंग्यांना खेटून काढल्या. कानात कापूस घालणारे मला भित्रे वाटायचे.

मग हळूहळू एकेक आवाज गळत गेला. आधी रातकिडे गेले. मग डास चावल्यावरच कळायला लागला. शेवटी घरात कोणाला न सांगता यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटन दिलं, "आवाज आला की दाबा" म्हणाले. बराच वेळ काहीच आलं नाही, तेव्हा मीच काचेवर टकटक करून सांगितलं की मशीन बंद दिसतंय. तिथली मुलगी म्हणाली, "चालू आहे, काका." कागदावर उजव्या कानाची रेघ अर्ध्यापर्यंत नीट चालत जाऊन एकदम खाली कोसळली होती. डावा जरा बरा. बारीक आवाज गेले ते परत येत नाहीत, उरलेलं जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो कागद चार घड्या करून एका ॲम्प्लिफायरच्या रिकाम्या खोक्यात ठेवला आणि खोकं सगळ्यात वरच्या फळीवर टाकलं.

तेव्हापासून बॉक्स वाजवून दाखवताना मी कानाकडे नाही, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायला लागलो. कपाळाला आठी पडते का, मान कुठे वळते का. बहिऱ्याचं सोंग घेणारे पुष्कळ असतात, मी ऐकू येत असल्याचं सोंग घेऊन जगत होतो.

त्यात उस्तादांची एक खोड मला दिवसेंदिवस जास्त झोंबायला लागली. माझा बॉक्स तयार झाला, गाडीत बसला, की ते हातातलं काम टाकून पेचकस घेऊन यायचे. "छोटे, एक चक्कर मारतो," म्हणायचे. गाडीभोवती हळू फिरायचे, कुठे दाराला हात लावायचे, कुठे एखादा स्क्रू अर्धा आटा आवळायचे, कुठे फोमचा तुकडा खुपसायचे आणि म्हणायचे, "आता ठीक हाय. दे." माझ्या कामावर शेवटचा शिक्का यांचा कशाला? मी त्यांच्या वायरिंगला कधी हात लावतो का? ही खोड लागायच्या जरा आधी, दोन वर्षांपूर्वी, एकदा रस्त्यावर मालाची गाडी मागे येत होती, तर यांनी मला कॉलर धरून मागे ओढलं, चारचौघांत, जनावर ओढावं तसं. वर मलाच ओरडले, "येवढा पींपीं करून राह्यला तो, आंधळा हायस काय?" गाडीवाल्यानं भोंगा वाजवलाच नव्हता अशी माझी खात्री होती. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

अशात तो बॉक्स आला. गिऱ्हाईक एका शाळेतला क्लार्क, गाडी पांढरी, छोटी, आणि सोबत मागच्या सीटवर त्याची आई. आईचे गुडघे गेलेले, म्हणून डिक्कीत चाकाची खुर्ची. मला वाटलं हौस पोराची असेल. पण तो म्हणाला, "मले काई नाई पाहिजे भाऊ. मायलेच पाहिजे."

मावशी मागून म्हणाल्या, "तीस वर्सं बायांच्या भजनात ढोलकी वाजवली मी. या डबड्यात नुसते टाळ वाजतात. धुम्म पाठीले लागला पाहिजे, बाप्पा. पण माही खुर्ची डिक्कीतून हलणार नाई."

खुर्ची ठेवल्यावर डिक्कीत जेमतेम दीड वीत रुंदीची जागा उरत होती. एवढ्या छोट्या बॉक्सातून खोल आवाज काढायचा तर हवेसाठी ठेवतात ती नळी इतकी लांब लागते की ती बॉक्सातच मावत नाही. त्यावर उपाय म्हणजे पॅसिव्ह रेडिएटर. उस्ताद नाव ऐकून हसले होते, "रेडिएटर तं गाडीच्या पुढं राह्यते, तू मागं कायले लावतो?" मी त्यांना तो दाखवला. दिसायला स्पीकरच, पडदा आहे, कडेला रबराची वळी आहे, पण मागे ना चुंबक ना तार. खरा वूफर आत हवा दाबतो, त्या हवेनं हा हलतो. स्वतःचं काही बोलत नाही. उस्तादांनी त्याचं नाव पाडलं, गुंगा.

मला हे काम आवडायचं त्याचं खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. गुंग्याचं ट्यूनिंग डोळ्यांनी आणि बोटांनी होतं. त्याच्या पाठीवर मध्यभागी एक बोल्ट असतो, त्यावर वॉशर चढवत जायचे. वजन वाढलं की बॉक्सचा सूर खाली उतरतो. मोबाइलवरून एकसुरी जाड आवाज सोडायचा आणि तो एकेक पायरी खाली आणायचा. एका जागी खरा वूफर जवळजवळ थिजतो आणि गुंगे सगळ्यात जास्त हलतात. तो त्या बॉक्सचा सूर. बोट टेकवलं की कळतं. जाड आवाज मला अजून चांगले येत होतेच, पण इथे तेही लागत नव्हते.

तो बॉक्स मी जीव ओतून केला. एका बाजूला खुर्ची, दुसऱ्या बाजूला चाकाचा फुगवटा, म्हणून एक गुंगा वर आणि एक खाली, म्हणजे दोघे एकमेकांविरुद्ध हलतील आणि बॉक्स उड्या मारणार नाही. खालच्याला हवा मिळावी म्हणून चार पाय. वरच्यावर सामान पडू नये म्हणून काळी लोखंडी जाळी. दोघांच्या पाठीवरचे वॉशर शेजारच्या सराफाच्या काट्यावर जोखून घेतले, कारण एक जड आणि एक हलका झाला की सगळं बिघडतं. सराफ म्हणाला, "आता लोखंडाचे बी दागिने करून राह्यले का?" पहिल्यांदा सूर वर राहिला, मग एकेक वॉशर दोन्हीकडे वाढवला. चौथ्या खेपेला वूफर थिजला आणि दोन्ही पडदे माझ्या बोटांखाली संथ, भरदार हलायला लागले. त्या दुपारी मला वाटलं, कान गेला तर गेला, हात आहेत.

त्याच दिवशी उस्तादांना फुलसावंगीला निघायचं होतं. भाचीचा निकाह, आठवडाभर तिकडेच. पिशवी खांद्याला लावून ते म्हणाले, "छोटे, हा डब्बा मी आल्यावरच दे."

"काहून?"

"एक चक्कर मारून देतो. मंग दे."

माझं डोकं सणकलं. म्हणालो, "उस्ताद, मी काय काल लागलो का कामाले?"

ते नुसते माझ्या खांद्यावर हात ठेवून बसकडे गेले. मावशींना रविवारी बाभुळगावला लेकीकडे जायचं होतं, नातीचं डोहाळजेवण होतं. शनिवारीच मी बॉक्स गाडीत बसवून दिला. ढोलकीचा पहिला धुम्म लागला तशा मावशींनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ताल धरायला लागल्या. मी मनात म्हटलं, बघा उस्ताद, तुमच्या चकरेवाचून काही अडलं नाही.

सोमवारी सकाळी फोन आला. "भाऊ, फरफर आवाज येऊन राह्यला."

गाडी आली. डिक्की उघडली, तर बॉक्सवर पूजा झालेली. नवी वस्तू आपल्याकडे पूजेशिवाय वापरत नाहीत, त्यात नवल नव्हतं. वरच्या जाळीवर ओल्या कुंकवाचं जाडसर स्वस्तिक काढलेलं, ते वाळून घट्ट बसलेलं, भोवती हळद. मी हात जोडल्यासारखं केलं आणि पुढे जाऊन बसलो. मावशींच्या मुलानं भजन लावलं.

"हे पाहा... आता. आलं का?"

मला ढोलकी ऐकू येत होती. चांगली, खोल, जशी मी ठरवली होती तशी. बाकी काही नाही. म्हणालो, "कुठं? काईच तं नाई."

मागून मावशी म्हणाल्या, "मले या वयात येऊन राह्यला आयकू, अन् तुले काहून नाई येत, बाप्पा?"

त्यांनी ते साधंच विचारलं होतं, पण मी लगेच मान हलवली, "हां, हां, आला. नंबर प्लेट हाय." खोटं. नंबर प्लेटमागे फोम चिकटवला आणि त्यांना वाटेला लावलं. दुपारी परत आले. आता मी डिक्कीच्या झाकणाचं रबर बदललं. मंगळवारी परत. माझी अवस्था अशी की रस्त्यावर पांढरी गाडी दिसली तरी मी दुकानात मागे सरकायचो. त्यांच्यासमोर मी ज्या-ज्या ठिकाणी कान लावला ती सगळी नाटकं होती. शेवटी म्हणालो, "बॉक्स ठेवून जा. परवा या."

ते दोन दिवस मी विसरणार नाही. वूफर उघडला, खालचा गुंगा उघडला, वॉशर पुन्हा जोखले. सगळे सांधे नव्यानं सिलिकॉननं भरले. हवा कुठून सुटते का बघायला पेटती अगरबत्ती सांध्यांवरून फिरवली. ते पाहून सराफानं विचारलं, "आणखी पूजा चालू हाय का?" धूर सरळ वर जात होता, सांधे पक्के होते. एकच गोष्ट मी उघडली नाही, वरची जाळी. तिच्यावर मावशींचं स्वस्तिक होतं. जाळी काढायची म्हणजे ते मोडणार. पुजलेल्या वस्तूवर, तेही एका म्हातारीच्या हातच्या स्वस्तिकावर, पेचकस चालवायला माझा हात धजेना. घरातले संस्कार अशा वेळी बरोबर आडवे येतात. आणि वरच्या गुंग्याला मी शनिवारीच तपासलं होतं, मग त्यात काय असणार?

पण खरी भीती वेगळीच होती, आणि ती मला बुधवारी दुपारी कळली. समजा मी तो आवाज घालवला. मग तो गेला हे मला कसं कळणार? जो मला आलाच नव्हता तो थांबला, हे कोण सांगणार? बॉक्स समोर वाजत होता आणि मी त्याच्यापुढे बसून होतो. सराफाला बोलावून "ऐक बरं" म्हणता आलं असतं. पण ते म्हणजे सांगणंच. गावात संध्याकाळपर्यंत झालं असतं की याचा कान गेला. मग कोण येईल? वडील काय म्हणतील? मी बॉक्स बंद केला आणि शटर अर्धं ओढून चांगला तासभर नुसता बसून राहिलो. रडू आलं नाही, पण येईल असं सारखं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी गाडी आली. बॉक्स बसवून तारा जोडतो तोच मागून खांद्यावर हात पडला. डाव्या खांद्यावर. उस्ताद फुलसावंगीहून पहिल्या बसनं आले होते, पिशवी अजून खांद्यालाच. मावशींचा मुलगा त्यांना म्हणाला, "बरं झालं तुम्ही आले. आवाज काई जाऊन नाई राह्यला."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "लाव," ते म्हणाले. भजन सुरू झालं. ते गाडीभोवती फिरलेसुद्धा नाहीत. ढोलकीचे दोन ठेके ऐकले आणि म्हणाले, "जाळीखाली हाय." मग मागच्या दाराशी जाऊन वाकले आणि मावशींना विचारलं, "अम्मा, तुमची पूजा हाय यावर. खोलू का?"

"अरे खोल ना," मावशी म्हणाल्या. "देवाले काय होते त्यानं? आण इकडं, मीच काढते."

म्हणजे तीन दिवस मी ज्याला हात लावायला घाबरलो ते विचारायला एक वाक्य पुरत होतं. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून डिक्कीशी नेलं. त्यांनी नखानं कुंकवाचा तो पोपडा उचलला आणि पदरात घेतला. उस्तादांनी चार स्क्रू काढले, जाळी उचलली. खाली काळ्या पडद्यावर आणि रबराच्या वळीच्या खाचेत तांदूळ पडले होते. हळदकुंकू लावलेल्या अक्षता, वीस-पंचवीस दाणे. पूजा करताना त्यांनी भक्तीनं वाहिल्या आणि त्या जाळीतून आत गेल्या.

"अग माय," मावशी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

उस्तादांनी मुलाला खूण केली, "जरा वाजव." ढोलकी लागली आणि दाणे उडायला लागले. धुम्म झाला की सगळे एकदम वर, मग पडद्यावर पडून थरथर नाचायचे, पुन्हा वर. मुलगा ओरडला, "हाच, हाच आवाज!" मी वाकून बघत होतो. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर ते दाणे पडद्यावर आपटत होते, मला एकेक दाणा दिसत होता, आणि त्यांचा आवाज मला येत नव्हता. यवतमाळच्या त्या कागदावर विश्वास ठेवायला मी इतके दिवस तयार नव्हतो. त्या क्षणी बसला.

मावशींनी एकेक दाणा वेचून पदराच्या गाठीत बांधला. जाळी बसली, भजन लागलं. त्या म्हणाल्या, "गेला." मुलगा म्हणाला, "गेला." मीही म्हणालो, "गेला," कारण त्या दोघांच्या तोंडाकडे बघून मला ते कळलं होतं. गाडी गेली. जाताना मावशींनी काचेतून हात वर करून आशीर्वाद दिला, तो घेताना मला लाज वाटली.

दुकानात आम्ही दोघंच उरलो. उस्ताद पिशवीतून निकाहाच्या मिठाईचा डबा काढत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून म्हणालो, "उस्ताद, मले तो आवाज आयकूच आला नाई. पहिल्यापासूनच."

"मालूम हाय," ते म्हणाले. आणि मिठाईचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"कधीपासून?"

"त्या मालाच्या गाडीवाल्यानं तुले मागून उडवलं असतं, तवापासून. पींपीं पुऱ्या गल्लीले आयकू येत होतं, अन् तू उभाच. मंग मी पाह्यलं, उजवीकून बोललो का तू हां म्हणतो अन् काम दुसरंच करतो. तवापासून डाव्या बाजूनं येतो मी."

मला एकेक चक्कर आठवायला लागली. अर्धा आटा आवळलेला एकेक स्क्रू, फोमचा एकेक तुकडा. तो शिक्का नव्हता. दोन वर्षं माझ्या बॉक्समधला जो आवाज मला येत नव्हता तो ते माझ्या माघारी नाही, माझ्या डोळ्यांदेखत बंद करत होते. आणि मी त्यांच्यावर फणकारत होतो.

"मंग तवाच काहून नाई सांगितलं?" मी विचारलं. आवाज माझा वर गेला होता.

"तू सांगशील म्हून थांबलो," उस्ताद म्हणाले. "कान तुहा हाय, छोटे. सांगायचं बी तूच."

पुढच्या आठवड्यात एका जीपचा बॉक्स तयार झाला. वॉशर मी जोखले, सूर मी बोटांनी लावला. मग उस्तादांच्या टेबलावरचा पेचकस उचलला आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना त्यांच्या हातात दिला.

"एक चक्कर मारा," मी म्हणालो. "मले बारीक आवाज येत नाई."